रेशन फुकट मिळतं, मग घरापुरती नागली कशाला लावायची?

डोंगरउतार

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सातपूरला नोकरी करतो. गाव पेठ तालुक्यात, सावळघाटाच्या पलीकडे. जमीन सगळी मिळून दीड एकर. वीस गुंठ्यांचं भाताचं खाचर, बाकी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. वरकसात वीसेक गुंठे नागली (नाचणी), उरलेल्यात थोडी वरई, उडीद, आणि कडेकडेने खुरासणी (कारळे). विकायला म्हणून काही निघत नाही. निघालंच तर पायलीभर उडीद शेजारी कुणाकडे जातो आणि त्याच्या बदल्यात काहीतरी येतं.

यंदा आईचा गुडघा गेला. बा अडुसष्टचे. धाकटा भाऊ आणि वहिनी दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात, पावसाळ्यात परत येतात. परवा भाऊ म्हणाला, "दादा, रेशनचा तांदूळ-गहू फुकट येतोय. आपण महिनाभर चिखलात वाकायचं कशासाठी? वरकसात आंबा-काजू लावून टाकू, आपण मजुरीला मोकळे." त्याचं चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येईना.

आणि मग रविवारी गावी गेलो होतो तेव्हाचं सांगतो. आईने धान्याच्या कणगीच्या तोंडावरचं शेणाने लिंपलेलं झाकण फोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर नागली काढून माझ्या तळहातावर ठेवली. तीन वर्षांपूर्वीची. एक किडा नाही, जाळी नाही. नुसती राख आणि निंबाचा पाला. त्याच घरात रेशनच्या तांदळाच्या गोणीत सोंडे झाले होते आणि वहिनी सूप घेऊन उन्हात बसली होती.

तर प्रश्न असा की दीड एकराच्या शेतीला आज काही अर्थ आहे का? म्हणजे घराच्या पोटाच्या दृष्टीने. भावनेचं उत्तर नको, ते माझं मलाच येतं.

हिशेबनीस

भावनेचं नको म्हणालात म्हणून लिहितो, राग मानू नका.

वीस गुंठ्यांत नागली किती होते? डोंगरावर दोन क्विंटल धरू. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये. म्हणजे ९,७७२ रुपयांचं पीक. आता मजुरी. राब (रोपांची जागा) भाजणं, नांगरट, आवणी (रोपं लावणं), दोन निंदण्या, खुडणी, झोडपणी, असे तीस मनुष्यदिवस तरी जातात. द्राक्षातली मजुरी चारशे धरली तर बारा हजार. बियाणं घरचं, खत घरचं, तरी सव्वादोन हजारांचा खड्डा. भाऊ बरोबर बोलतोय.

आणि देशाच्या अन्नसुरक्षेचं म्हणाल, तर सरकारी गोदामं पंजाब, हरयाणा आणि मध्य प्रदेशच्या गव्हाने भरतात, पेठच्या नागलीने नाही. २०१३ चा कायदा माणशी पाच किलो देतो, अंत्योदय असेल तर कुटुंबाला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हे शक्य झालं ते मोठ्या प्रमाणावर पिकवल्यामुळे आणि मोठ्या प्रमाणावर साठवल्यामुळे.

उन्हाळकांदा

आमच्या चांदवडला या. कांदा खाऊन पोट भरत नाही आणि विकूनही भरत नाही. तुमची नागली निदान तीन वर्षं टिकते, आमचा चाळीतला कांदा गणपतीपर्यंत टिकला तरी पेढे वाटतो.

डोंगरउतार

@हिशेबनीस, राग कसला. पण एक. आमच्या कार्डावर पाच नावं आहेत, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो. भाकरी-भात खाणारं कष्टाचं घर आहे, आम्हाला पन्नासच्या पुढे लागतं. उरलेले पंचवीस कुठून आणायचे? आणि गोदामात डाळ कुठे आहे, तेल कुठे आहे?

वावरातली

निफाड तालुका, अडीच एकर, त्यातली दोन एकर द्राक्ष. आमच्याकडे बघून तुमच्या भावाला वाटत असेल की हे सुखी. म्हणून आमच्या स्वयंपाकघराचं सांगते.

सासूबाईंच्या वेळी याच अडीच एकरात बाजरी, गहू, हरभरा, बांधाला तूर, विहिरीजवळ मेथी-कोथिंबीर असं सगळं असायचं. मीठ आणि गूळ सोडून फारसं काही विकत यायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धी एकर बाग होती. पैसा दिसला, बाग वाढली. बाग वाईट नाही, तिने मुलांची शिक्षणं केली, घर बांधलं, हे मी नाकारणार नाही. पण २०२३ च्या नोव्हेंबरात शेवटच्या आठवड्यात गारपीट झाली, आठवत असेल. अर्ध्या तासात मणी फुटले, पानांची चाळण झाली. बागेवर कर्ज, औषधवाल्याची उधारी. आणि घरात खायला? गहू विकतचा, डाळ विकतची, तेल विकतचं. अडीच एकराचे मालक असून त्या हिवाळ्यात मी दुकानदाराला "पुढच्या महिन्यात देते" म्हणत होते. थोडा कांदा होता, तर ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि तोही बसला.

तुम्ही म्हणाल, मग बागेच्या कडेला भाजी लावा. लावली होती. चार ओळी मेथी, दोन वाफे पालक. पण बागेत फवारणी कधी सकाळी, कधी रात्री, ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर कुठवर जातो ते बघितलंय का? पालकाच्या पानावर निळसर पांढरे ठिपके. ती भाजी मी गाईलाही घातली नाही. आता रस्त्याच्या पलीकडे, घराच्या मागे चार गुंठे जागा आहे तिथे करते. वांगी, गवार, दोन शेवगे, गिलक्याचा वेल आणि उरलेल्या जागेत लसूण. चार गुंठेच, पण गारपिटीच्या हिवाळ्यात आमच्या ताटात हिरवं काही होतं ते तिथलं.

तुमच्या वहिनी आमच्याकडेच येत असतील फेलफुटी (वेलीची नको असलेली फूट) काढायला, विरळणीला. येतात त्या बायका पिशवीत नागलीचं पीठ घेऊन येतात. मी एकदा विचारलं, इथे गहू स्वस्त मिळतो की. तर म्हणाली, "ताई, गव्हाच्या पोळीने अकरा वाजताच भूक लागते."

गोदाकाठ

वाचतोय. सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

आकडेप्रेमी

इथे कुणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणतो. जगातलं ७० टक्के अन्न छोटे शेतकरीच पिकवतात. एवढं एकच वाक्य पुरेसं आहे.

जुनासभासद

@आकडेप्रेमी, ते वाक्य फार फिरतं पण तसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतल्या अभ्यासकांचा २०२१ चा हिशेब असा की दोन हेक्टरपेक्षा लहान शेतं ही जगातल्या एकूण शेतांच्या ८४ टक्के आहेत, त्यांच्याकडे जमीन साधारण १२ टक्के आणि अन्नातला वाटा साधारण ३५ टक्के. कुटुंबाने कसलेली सगळी शेती, मग ती पाच एकर असो की पाचशे, धरली तर आकडा ८० टक्क्यांपर्यंत जातो. या दोन्हींची नेहमी खिचडी होते.

पण खरा आकडाच जास्त बोलका नाही का? बारा टक्के जमिनीवर पस्तीस टक्के अन्न. लहान वावरात एकरी उत्पन्न जास्त निघतं हे आपल्याकडे १९६० च्या दशकापासून अर्थशास्त्रज्ञ मांडत आलेत. अमर्त्य सेन यांनी त्यावर १९६२ साली लिहिलं होतं. कारण साधं आहे, घरचे हात फुकटात राबतात आणि बांधसुद्धा रिकामा राहत नाही. फुकटात हा शब्द मुद्दाम वापरला. हिशेबनीसांचा खड्डा तिथेच आहे.

भारतात २०१५-१६ च्या कृषी गणनेत दोन हेक्टरच्या आतले खातेदार ८६ टक्के होते, जमीन ४७ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात सरासरी धारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती १.३४ वर आली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे बरं का! कागदावर तुकडे बंद आहेत, भावाभावांत चालू. म्हणजे डोंगरउतार यांचा प्रश्न एकट्याचा नाही, राज्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांचा आहे.

आकडेप्रेमी

मान्य. दुरुस्तीबद्दल आभार. सदस्यनाम बदलावं लागेल.

सुरगाण्याचा

माझं थोडं वेगळं आहे. तुमच्याकडे सातबारा तरी आहे दादा. आम्ही आजोबांपासून कसतोय ती वनजमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा टाकला, बाकी तुम्हाला माहीत आहे. मार्च २०१८ ला याच हक्कासाठी नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला, ६ तारखेला निघाला आणि १२ ला आझाद मैदानात पोहोचला. मी होतो त्यात. पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो सगळ्या पेपरांत आले. त्या फोटोंत कुणाच्या गाठोड्यात काय होतं ते नाही आलं. भाकरी होत्या, नागलीच्या, आणि सुकी चटणी. पहिले दोन दिवस त्यावरच गेले.

पट्टा नावावर नाही तर पीककर्ज नाही, विमा नाही, आधारभूत केंद्रावर माल घालायचा तर कागद मागतात. पण जे पिकतं ते घरात येतं, एवढं कुणाला अडवता येत नाही. अन्नसुरक्षा म्हणजे माझ्यासाठी ती कणगी.

आजोबा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायचे. खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, आणि तो लाल मिलो. अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी थापली की फुटायची म्हणे. त्या सालीही डोंगराच्या वरच्या अंगाला थोडी नागली आली होती. भात पूर्ण गेला. जुलैत पावसाने पंधरा दिवस दडी मारली की खाचरं फाटतात, नागली मात्र मान टाकून उभी राहते आणि सर आली की उठते. मीही स्वतः दोनदा बघितलंय हे.

@हिशेबनीस, तुमच्या वहीत चांगलं साल आणि वाईट साल एकाच भावाने लिहिलंय. वाईट सालातल्या एका पायलीचा भाव काय धरणार?

हिशेबनीस

प्रश्न योग्य आहे. उत्तर शोधतोय.

अंगणवाडीताई

हरसूलकडे पंधरा वर्षं आहे, म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते.

शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. पण नागली म्हणजे औषध नव्हे. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून शहरातले पाहुणे येतात आणि आमच्या बायकांनाच नागलीचे गुण समजावून सांगतात, फोटो काढतात, जातात. मुलाचं वजन नुसत्या नागलीने वाढत नाही. भाकरीबरोबर उडदाचं भुजं लागतं, वर खुरासणीच्या तेलाची धार लागते, पावसाळ्यात शेवळं-कुर्डूची भाजी लागते. हे सगळं एका वरकसातून आणि त्याच्या बांधावरून येतं. रेशन आलं ते फार चांगलं झालं. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या व्हायच्या तेव्हा काय हाल होते ते मी बघितलेत, म्हणून रेशनला कुणी नावं ठेवली तर मला चालत नाही. पण ते पोटाचा तळ भरतं. ताटात बाकीचं काय आहे ते मी घरोघर जाऊन बघते. जिथे वरकस पडीक पडलं तिथे भात, तिखटाचं पाणी आणि पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट.

गोदामात डाळ नाही असं वर लिहिलंय ते खरंच आहे. देशाला उडीद म्यानमारहून आणावा लागतो, खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरचं. आणि आमच्या डोंगरावरचा उडीद, खुरासणी कुणाच्या नकाशात नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी पुरुष लिहिणार नाही. नागली म्हणजे बाईची कंबर. चिखलात वाकून आवणी बाईची, निंदणी बाईची, कणसं खुडणं बाईचं. वरईचं तर विचारू नका. ती कांडायला दोन बायका आणि अर्धा दिवस, तेव्हा शेरभर भगर. म्हणून लोकांनी वरई कांडणं सोडलं. कच्ची वरई व्यापाऱ्याला स्वस्तात घालायची, ती नाशिकच्या भगर मिलला जाणार, आणि चतुर्थीला तीच भगर आपण तिप्पट भावाने आणायची. डोंगरउतार, तुमच्या आईचा गुडघा आपोआप नाही गेला. ठेवा वावर, पण वाकायचं कुणी ते आधी ठरवा. तुम्ही सातपूरहून रजा काढून येणार आहात का?

वावरातली

ताई, +१००.

उन्हाळकांदा

शेवटच्या ओळीवर धागाकर्त्याची शांतता बोलकी आहे. :)

नवखाशेतकरी

अहो, गट करा ना. दिंडोरीत मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघा, छोट्या शेतकऱ्यांनी मिळून केवढं उभं केलं. नागलीची बिस्किटं, नागलीचे पापड, ब्रँडिंग. शहरात मागणी आहे.

सुरगाण्याचा

द्राक्ष-टोमॅटोला ते जमलं, आणि झकास जमलं. पण विकायला माल लागतो. इथे घरटी दोन क्विंटल, त्यातलं दीड घरात खायचं. सगळी विकली तर मग खायचं काय, बिस्किटं?

नवखाशेतकरी

हे लक्षातच नाही आलं.

डोंगरउतार

चार दिवस गप्प होतो कारण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. रजा शिल्लक आहे अकरा दिवस. आजवर गणपती आणि दिवाळीला काढत आलो. आवणीला शेवटचा कधी गेलो ते आठवून बघितलं, बारावीत असताना.

हिशेबनीस

वही पुन्हा मांडली. माझी चूक अशी झाली की मी नागली विकायच्या भावाने मोजली. हे घर नागली विकतच नाही. विकत आणायची वेळ आली तर? काल गंगापूर रोडच्या दुकानात मुद्दाम विचारलं, पीठ ऐंशी रुपये किलो. पेठच्या बाजारात कमी असेल, पन्नास धरू. दोन क्विंटलचे दहा ते सोळा हजार. खड्डा बुजला किंवा बुजत आला.

दुसरी चूक मजुरीची. आवणी-निंदणी जून ते ऑगस्टमध्ये येते. त्या दिवसांत बागेत एप्रिल छाटणीनंतरची कामं सोडली तर मजुरांची ओढ कमी असते, खरी मागणी गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर, ऑक्टोबरपासून. म्हणजे तीसच्या तीस दिवस चारशेने धरणं चूक, निम्मे तरी असे की ज्यांना गिऱ्हाईकच नाही.

पण सुरगाण्याच्या दादांच्या वाईट सालाचा भाव मला अजून मांडता आला नाही. आणि ताईंचा मुद्दा तर वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. माझ्या मते भाताचं खाचर ठेवा, वरकस अर्धं करा. उडीद वाढवा, त्याला वाकणं कमी आणि विकत घ्यायला तोच महाग.

वावरातली

अर्ध्या वरकसात आंबा लावायला हरकत नाही. पहिली चार-पाच वर्षं झाडांमध्ये उडीद-कुळीथ येतोच की. भावाचं मनही राहील.

सुरगाण्याचा

आणि इर्जिक बंद पडली असेल तर चालू करा. आमच्या पाड्यावर सहा घरं आहेत, एक दिवस एकाकडे. मजुरी नाही, फक्त जेवण. सहा घरांची आवणी आठवड्यात उरकते, आणि म्हाताऱ्यांनी बांधावर बसून नुसत्या मुठी करून द्यायच्या. गुडघा असा असला तरी बसून होणारं काम आहे ते.

अंगणवाडीताई

भाकरी बायकांनीच करायच्या ना त्या जेवणाच्या?

सुरगाण्याचा

ताई, गेल्या साली आमच्याकडे भाताचं पातेलं मी चढवलं होतं. थोडं लागलं खाली.

डोंगरउतार

ठरलं ते लिहितो. खाचर आहे तसं. वरकसात दहा गुंठे नागली, बाकी उडीद, वरच्या कडेला भाऊ म्हणतो तशी बारा आंब्याची कलमं. वरई बंद. जूनअखेर आणि जुलैत मिळून मी नऊ दिवस जातोय, गणपतीला दोनच राहतील, घरी सांगायचंय अजून. भाऊ हसला, म्हणाला, "पहिल्या दिवशी संध्याकाळी बघू तुझी कंबर."

एक अडचण. बी कणगीतलंच वापरायचं म्हणून आईने वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीमागे ठेवले होते. आज सोडून बघितले. वीसपैकी अकरा उगवले. हे चालेल का?

सुरगाण्याचा

नाही चालणार. खायला तीन वर्षांचं उत्तम, पेरायला गेल्या सालचंच हवं. दुप्पट टाकलं तरी राबात रोप विरळ येईल आणि गवत वर चढेल. माझ्याकडे घरची हळवी (लवकर येणारी) आहे, लाल. गरवी (उशिरा येणारी) शेजाऱ्याकडे मिळेल. तुमचं वरकस उताराचं की सपाटीचं?

डोंगरउतार

उताराचं. वरच्या तुकड्यात ओल लवकर जाते.

सुरगाण्याचा

मग हळवीच घ्या, दसऱ्याच्या आसपास खुडायला येईल. दहा गुंठ्यांना किलोभर पुष्कळ झालं. पैसे नकोत, पुढच्या साली सव्वा किलो परत करा.